लोकरीचे हरिण आणि घाईचे उत्तर

मागील मोहरम महिन्यात जुम्याच्या प्रवचनाची तयारी करीत असताना सहीह बुखारीतील एका हदीसपाशी मी थांबलो. मदरशात असताना ती अनेकदा वाचली होती, उस्तादांसमोर तिचे विवेचनही केले होते. या वेळी मात्र ती वाचताना मला स्वतःच्या हातून घडलेली एक चूक आठवली. ती चूक आणि तिच्यामुळे मनात उभा राहिलेला प्रश्न आज वाचक बंधू-भगिनींपुढे मांडीत आहे. प्रश्न वरवर लहान आहे : आईने, आजीने मुलांसाठी लोकरीचे ससे, हरणे, हत्ती विणावेत काय? पण या लहान प्रश्नाच्या तळाशी दोन मोठ्या गोष्टी आहेत. एक, निर्मिती कोणाची? आणि दुसरी, दीनच्या नावाने बोलणाऱ्याने किती जपून बोलावे?

घडले ते असे. आमच्या अर्जुनी मोरगावात एक वयस्क विधवा भगिनी आहेत. सारा मोहल्ला त्यांना खाला म्हणतो. क्रोशाच्या कामात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नाही. आमच्याकडील मुस्लिम घरांत क्रोशाचे रुमाल, ताटावरची झाकणे, नमाजच्या जाळीदार टोप्या ही जुनी कला आहे. मी इमामतीसाठी उभा राहतो तेव्हा माझ्या डोक्यावर असते ती टोपीही खालांनीच विणलेली. गेली काही वर्षे त्या लोकरीचे लहान प्राणी विणू लागल्या होत्या. आधी नातवासाठी, मग शेजारच्या मुलांसाठी, आणि पुढे चार पैसे हाती यावेत म्हणून विक्रीसाठी. जपानमध्ये या कलेला ‘अमिगुरुमी’ म्हणतात. तिची रीत टोपीसारखीच असते. लोकरीचा लहानसा फास घ्यायचा, त्यात मुके खांब घालीत गोल गोल फेऱ्या विणायच्या, टाके वाढवले की गोलाई रुंदावते आणि कमी केले की मिटत येते. मिटण्यापूर्वी आत कापूस भरायचा. टोपी जिथे उघडी ठेवून थांबतात, तिथून पुढे विणत गेले की हरणाचे डोके तयार होते.

रमजान तोंडावर आला असताना एका जुम्याच्या नमाजनंतर खाला नातवाचा हात धरून मकतबच्या दारापाशी आल्या. त्यांनी विचारले, “मौलाना, हे विणलेले चालते ना? कोणीतरी म्हणाले की गुनाह आहे.” मला तरावीहच्या व्यवस्थेची घाई होती. मी उभ्या उभ्या सांगितले, “खाला, जीवधारी वस्तूची आकृती आहे ती. नकोच.” त्या “बरे” म्हणाल्या आणि गेल्या. नंतर कळले की त्याच रात्री त्यांनी घरातील सर्व प्राणी उसवून लोकरीचे गुंडे करून ठेवले. नातवाच्या उशाशी असलेले हरिणही त्यात गेले. मुलगा रडत झोपला.

कठोर वचने खरीच आहेत

प्रथम हे स्पष्ट करावे की माझ्या उत्तराला आधारच नव्हता असे नाही. जीवधारी वस्तूंच्या आकृती घडविणाऱ्यांना कयामतच्या दिवशी आपल्या कृतीत प्राण फुंकण्यास सांगितले जाईल आणि ते त्यांना जमणार नाही, असा इशारा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिल्याचे सहीह हदीसींत आले आहे. हा इशारा सौम्य करून सांगण्याचा अधिकार मला नाही. नूह (अ.) यांच्या लोकांनी आपल्यातील सदाचारी माणसांच्या आठवणीसाठी प्रतिमा उभारल्या आणि पुढच्या पिढ्यांनी त्यांचीच उपासना सुरू केली, हे हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी सांगितले आहे. आकृतीविषयीची ही सावधगिरी तौहीदच्या रक्षणासाठी आहे आणि तौहीद हाच आपल्या ईमानचा पाया आहे.

पण याच इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे एकदा एक मनुष्य आला. हाताने आकृती घडविणे हेच त्याच्या उपजीविकेचे साधन होते. सहीह मुस्लिममधील वर्णन असे आहे की इब्ने अब्बास (रजि.) यांनी त्याला जवळ बोलावले, आणखी जवळ बोलावले, इतके की आपला हात त्याच्या डोक्यावर ठेवला, आणि मग प्रेषितांचा इशारा ऐकवला. बुखारीच्या कथनात आहे की ते ऐकून त्या माणसाला धाप लागली, चेहरा पिवळा पडला. तेव्हा त्यांनी त्याला सांगितले की करायचेच असेल तर झाडाची, प्राण नसलेल्या वस्तूंची आकृती कर.

या प्रसंगाकडे मी पूर्वी केवळ निषेधाचा पुरावा म्हणून पाहत असे. आता त्यात आणखी काही दिसते. जवळ बोलावणे, डोक्यावर हात ठेवणे, आणि त्याची भाकरी बंद होऊ नये म्हणून दुसरी वाट दाखवणे. मी खालांना यांपैकी काहीच दिले नव्हते. मी केवळ ‘नको’ दिले होते.

मदिनेतील लोकर

आता ज्या हदीसपाशी मी थांबलो ती पाहू. हजरत रुबय्यिअ बिन्ते मुअव्विज (रजि.) या अन्सारी सहाबिया होत्या, बद्रच्या लढाईत शहीद झालेल्या पित्याची कन्या. त्या सांगतात की आशुराच्या सकाळी प्रेषितांनी अन्सारच्या वस्त्यांमध्ये रोजाचा निरोप पाठविला. पुढे आम्ही स्वतः रोजा ठेवीत असू आणि आपल्या मुलांनाही ठेवायला लावीत असू. मुलांसाठी आम्ही लोकरीची खेळणी करीत असू. एखादे मूल खाण्यासाठी रडू लागले की ते खेळणे त्याच्या हाती देत असू, इफ्तारची वेळ होईपर्यंत.

मोहरममध्ये ही हदीस आपण दरवर्षी ऐकतो, आणि आपले लक्ष रोजावर असते. त्या मातांच्या हातांकडे आपण पाहत नाही. उपासनेच्या दिवसासाठी त्यांनी आधी बसून लोकरीची खेळणी केली होती. मुलाला रोजाची सवय लागावी हा हेतू होता, पण त्याच्या रडण्याला रागाने गप्प करण्याऐवजी त्यांनी त्याच्या हाती मऊ वस्तू दिली. प्रेषितांच्या शहरात, त्यांच्या हयातीत, दीनचे शिक्षण असे दिले जात होते.

प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या खेळण्यांचा आकार हदीसमध्ये सांगितलेला नाही. ते प्राणीच होते असे म्हणणे म्हणजे हदीसमध्ये आपली भर घालणे होईल. पण प्राण्याच्या आकाराविषयी दुसरे कथन आहे. सुनन अबू दाऊदमध्ये येते की प्रेषित (स.) एका मोहिमेवरून परतले तेव्हा वाऱ्याने पडदा हलला आणि हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्या दिसल्या. त्यांच्यामध्ये कापडाचे दोन पंख असलेला एक घोडा होता. प्रेषितांनी विचारले की घोड्याला पंख कसे? हजरत आयेशा (रजि.) यांनी उत्तर दिले की सुलैमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते, हे आपण ऐकले नाही काय? यावर प्रेषित इतके हसले की त्यांच्या दाढा दिसल्या. बुखारीतही हजरत आयेशा (रजि.) प्रेषितांच्या घरी बाहुल्यांशी खेळत आणि त्यांच्या मैत्रिणी खेळायला येत, हे नमूद आहे.

आलिमांचे मत

या कथनांच्या आधारे काझी इयाज (रह.) यांनी मुलींच्या खेळण्यांना सर्वसाधारण मनाईतून वगळलेले मानले आणि हेच बहुसंख्य आलिमांचे मत असल्याचे सांगितले. हाफिज इब्ने हजर (रह.) यांनी ‘फतहुल बारी’त ही चर्चा दिली आहे. ही सवलत नंतर रद्द झाली असे म्हणणारेही आलिम होते, हेही तेथेच कळते. आपल्या हनफी फिकहच्या ‘दुर्रे मुख्तार’मध्ये इमाम अबू यूसुफ (रह.) यांचे मत नोंदलेले आहे की खेळण्याची विक्री आणि मुलांनी त्याच्याशी खेळणे वैध आहे. आपल्या देशातील अनेक मुफ्ती मात्र नाक-डोळे स्पष्ट असलेल्या बाहुल्या टाळण्यास सांगतात. त्यांच्या सावधगिरीचा मी आदर करतो. जे कुटुंब तिचे पालन करते त्याला कोणी कमी लेखू नये.

मतभेद असलेल्या प्रश्नात मी जणू एकच मत असल्यासारखे बोललो, ही माझी पहिली चूक. आपल्या जिभांनी सहजपणे हे हलाल, ते हराम असे म्हणत अल्लाहवर असत्य रचू नका, अशी ताकीद पवित्र कुरआनच्या सूरह नहलमध्ये आहे. हा इशारा हराम ते हलाल करणाऱ्यालाच आहे असे आपण समजतो. हलाल ते हराम करणाऱ्यालाही तो तितकाच लागू आहे.

वस्तू तीच, नाते वेगळे

मग खेळण्याला वेगळे का मानले गेले? हजरत आयेशा (रजि.) यांनी आकृत्या असलेला पडदा लावला तेव्हा प्रेषितांना तो आवडला नाही. त्याच कापडाच्या नंतर उशा केल्या गेल्या आणि त्या वापरात राहिल्या. वस्तूला आपण कोणते स्थान देतो, याला येथे महत्त्व आहे. प्रतिमा उंचावर ठेवली जाते, तिच्यापुढे मन झुकू लागते. खेळण्याला मूल ओढते, चावते, त्याच्यावर झोपते, भांडणात फेकून मारते. ज्याचा कान चघळून ओला केला, त्याच्यापुढे कोण नतमस्तक होईल?

आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. शेजारची मुले चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात. तो त्यांचा सण आहे आणि शेजाऱ्याच्या सणाचा मान राखणे आपले कर्तव्य आहे. पूजेत आपला सहभाग नसतो, हेही आपण मुलांना प्रेमाने समजावतो. पण सण सरल्यावर तोच चाकाचा बैल अंगणात धुळीत पडतो, तेव्हा तो केवळ खेळणे असतो. एका लाकडाची ही दोन रूपे माणसाच्या मनातील भावनेने ठरतात. म्हणून मुलाचे मन घडविणे हे खेळणे हिरावून घेण्यापेक्षा मोठे आणि अवघड काम आहे.

विणणाऱ्याच्या मनाचाही विचार करावा. निर्मात्याशी बरोबरी हा त्या कठोर वचनांचा विषय आहे. विणणारी बाई तर दर फेरीला आपली असमर्थता पाहते. ती डोळा काढते, पण तो पाहत नाही. पाय जोडते, पण ते धावत नाहीत. एक धागा ओढला की सारे हरिण पुन्हा लोकर होते. सूरह हजमध्ये अल्लाहने सांगितले आहे की त्याच्याशिवाय ज्यांना हाक मारली जाते ते सारे एकत्र आले तरी एक माशी निर्माण करू शकणार नाहीत. आजीने नातवाला मांडीवर घेऊन हेच सांगावे, “बाळ, मी लोकरीचे केले, ते हलतही नाही. नवेगावबांधच्या जंगलात जे उड्या मारते, ते अल्लाहने केले.” तौहीदचा याहून सोपा धडा मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट. आमच्या गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांत आणि तलावांवर सारस पक्षी आढळतो. महाराष्ट्रात तो आता फार थोड्या ठिकाणी उरला आहे. इकडे मुलांच्या हाती गुलेल सहज येते आणि पाखरे तिचे लक्ष्य होतात. सजीवाला नेमबाजीचे लक्ष्य करणाऱ्याचा प्रेषितांनी धिक्कार केला आहे. अबू उमैर नावाच्या लहान मुलाला ते त्याच्या चिमुकल्या पाखराची विचारपूस करीत असत. जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे सर्व जीव तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असे कुरआन सांगतो. लोकरीचा सारस कुशीत घेऊन झोपलेल्या मुलाचा हात दगड उचलताना थोडा तरी अडखळेल, अशी आशा करण्यास हरकत नाही.

काही मर्यादा

ज्या भगिनी हे काम करतात त्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. हे प्राणी मुलांसाठीच असावेत, शोभेच्या कपाटात मिरवण्यासाठी नकोत. नमाजच्या जागी, किब्ल्याच्या दिशेला ठेवू नयेत. नाक-डोळे साधे ठेवावेत. ज्यांना सावधगिरी हवी त्यांनी चेहरा कोराच ठेवावा, मुलाची कल्पना तो भरून काढते. ज्यांचे मन अजिबात मानत नाही त्यांच्यासाठी झाड, होडी, चेंडू, फळे आहेत. इब्ने अब्बास (रजि.) यांनी दाखवलेली ती वाट आहे.

विक्री करणाऱ्यांनी अमानत विसरू नये. अॅक्रिलिकचा धागा लोकर म्हणून विकू नये. फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे प्रेषितांनी धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा पाहिल्यावर सांगितले होते. खेळण्याच्या आत काय भरले आहे, हाही तसाच न दिसणारा भाग आहे. तान्ह्यांच्या खेळण्याला मणी किंवा बटणे लावू नयेत, ती निघून घशात अडकतात. हलाल-हरामची चौकशी करणाऱ्याने बाळाच्या जिवाची चौकशी आधी करावी.

ती हदीस वाचली त्याच संध्याकाळी मी खालांच्या घरी गेलो. सांगितले की मी घाईत उत्तर दिले, पुरते दिले नाही, मला माफ करा. रुबय्यिअ (रजि.) यांची हदीस वाचून दाखवली, दोन्ही बाजूंची मतेही सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग आतून लोकरीचे गुंडे ठेवलेली पिशवी आणून त्यांनी विचारले, “मग मौलाना, डोळे काढू की नको?” मी म्हणालो, “खाला, तुमचे मन ज्यात शांत राहील तसे करा.” त्यांनी चेहरा कोरा ठेवला. नातवाने ते हरिण हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि विचारले, “हे तेच आहे का?” त्याला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. लोकर तीच होती, एवढेच मी सांगू शकलो.

विद्वत्ता ही अमानत आहे. माझ्यासारख्यांनी ‘नको’ म्हणण्यापूर्वी समोरच्याला जवळ बसवावे, त्याच्या घरात त्या शब्दाने काय उसवले जाणार आहे याचा विचार करावा, आणि ‘नको’ म्हणणे भागच असेल तर दुसरी वाट हाती द्यावी. अल्लाह आपल्याला ज्ञानासोबत नम्रता देवो, आपल्या मुलांची मने तौहीदवर घडवो आणि कष्टाने विणणाऱ्या हातांच्या रोजीत बरकत देवो. आमीन. वल्लाहु आलम.