कुलूपबंद सदाचार

ज्या समाजाची शांती कोणाला तरी कोंडून ठेवल्यावाचून टिकत नाही, त्याला आदर्श समाज म्हणता येईल काय? हा प्रश्न एका मुस्लिम लेखिकेने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उपस्थित केला. बंगालमधील बेगम रुकैया सखावत हुसेन (१८८०-१९३२) यांची 'सुलतानाचे स्वप्न' ही कथा १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिच्यात 'लेडीलँड' नावाच्या एका कल्पित देशाचे वर्णन आहे.

या देशात सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, ढगांतून पाणी ओढून घेतले जाते, लोक हवेतून प्रवास करतात आणि कचेरीचे काम रोज दोन तासांत उरकते. गुन्हे होत नाहीत, म्हणून पोलीस नाहीत. देहदंड नाही, कारण अल्लाहच्या निर्मितीचा जीव घेणे तेथील लोकांना रुचत नाही. सत्य आणि प्रेम हाच त्यांचा धर्म. मात्र या सुंदर देशाचे सर्व पुरुष 'मर्दान्या'त बंद आहेत. घरकाम आणि मुलांचे संगोपन त्यांच्याकडे. विद्यापीठे, राज्यकारभार आणि मोकळे रस्ते स्त्रियांकडे.

हे कसे घडले तेही लेखिका सांगते. आश्रयाला आलेल्या परकीयांवरून शेजारच्या राजाशी युद्ध पेटले. पुरुषांचे सैन्य हरले. स्त्रियांनी सूर्यकिरणांच्या बळावर शत्रूला पळवून लावले. पण त्यासाठी बाहेर पडण्यापूर्वी पुरुषांनी आत जावे, अशी अट घातली. संकट टळले, अट मात्र राहिली. पुढे काही अधिकाऱ्यांनी बाहेर येण्याची विनंती केली, तेव्हा गरज पडल्यास बोलावू, असे उत्तर मिळाले.

सत्य आणि प्रेम यांवर उभा असलेला हा समाज आपल्याच तत्त्वांना का अपुरा पडतो? पहिले कारण असे की, संकटकाळात हाती आलेली सत्ता संकट संपल्यावर आपणहून परत जात नाही. तिला आपण न्याय्य आहोत असे वाटू लागते. दुसरे कारण अधिक खोल आहे. तेथे अपराध्याला नव्हे, तर संपूर्ण वर्गाला दोषी धरले आहे. माणसाच्या मनावर संस्कार करण्याचे कष्ट टाळून त्याच्या देहाला कडी लावली आहे. ज्याला चुकण्याची संधीच नाही, त्याचे निर्दोष असणे सदाचार ठरत नाही. शिवाय कडी लावणाऱ्याच्या मनाची परीक्षा तर कधी होतच नाही.

ही कथा वाचताना पुरुष वाचकाला हसू येते आणि मग ते ओठांवरच थांबते. कारण जे त्याला स्वप्नात हास्यास्पद वाटले, तेच त्या काळच्या असंख्य घरांत स्त्रियांच्या बाबतीत दिवसाढवळ्या चालले होते. लेखिकेने केवळ आरसा उलटा धरला.

इस्लामची शिकवण या बाबतीत स्पष्ट आहे. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश प्रथम श्रद्धावान पुरुषांना दिला आहे, स्त्रियांना त्यानंतरच्या आयतीत. अंतिम हजच्या प्रसंगी खसअम कबील्याची एक स्त्री प्रेषित मुहम्मद (स.) यांना आपल्या वृद्ध पित्याच्या हजविषयी विचारावयास आली. प्रेषितांच्या मागे वाहनावर बसलेले तरुण फज़ल बिन अब्बास (रज़ि.) तिच्याकडे पाहू लागले. तेव्हा प्रेषितांनी फज़ल यांचा चेहरा दुसरीकडे वळविला आणि त्या स्त्रीच्या प्रश्नाचे उत्तर दिले. प्रश्न विचारण्याचा तिचा हक्क दुसऱ्याच्या नजरेपायी हिरावला गेला नाही.

मग मर्यादाच नकोत काय, असे कोणी विचारील. मर्यादा हव्यातच. परंतु अल्लाहने घातलेली मर्यादा उभयतांना बांधते आणि तिचा जाब प्रत्येकाला स्वतः द्यावयाचा असतो. कुलूप मात्र एकच पक्ष लावतो आणि किल्ली आपल्या खिशात ठेवतो. मर्यादेतून हया वाढते, तर कुलपातून एका बाजूस अहंकार आणि दुसऱ्या बाजूस लाचारी. या दोहोंतला फरक पुसून टाकणे हाच खरा धोका आहे. मुलगी शाळेतून घरी बसविली जाते आणि तिला त्रास देणारा मुलगा रस्त्यावर मोकळा राहतो, तेव्हा आपण मर्यादा पाळीत नसतो. आपल्या मुलावर करावयाचे संस्कार टाळीत असतो.

बेगम रुकैया यांनी स्वतः पुरुषांना कोंडणारा देश मागितला नाही. १९११ साली त्यांनी कलकत्त्यात अवघ्या आठ मुलींची शाळा सुरू केली. अन्यायाची दिशा बदलल्याने न्याय होत नाही, हे त्यांना ठाऊक होते. दिव्य कुरआनने श्रद्धावान पुरुष आणि स्त्रिया यांना परस्परांचे साथी म्हटले आहे. आपल्या घराची शांती या सोबतीतून आली आहे की कोणाच्या तरी मौनातून, हे प्रत्येक कुटुंबप्रमुखाने एकदा स्वतःला विचारावे आणि उत्तर घरातील स्त्रियांकडून ऐकावे.