पडद्याचे माप कोणाच्या डोळ्यांचे?

एखाद्या वस्तूचे सामर्थ्य पुरेपूर वापरले म्हणजे तिचा सदुपयोग झाला, असे आपण सहसा धरून चालतो. मोठा लॅपटॉप घरात येतो तेव्हा हा समज तपासून पाहण्याची चांगली संधी मिळते. नागपूर-पुण्याला नोकरी करणारा मुलगा गोंदियाला, आमगावला किंवा अर्जुनी मोरगावला सुट्टीत येतो. सोबत सतरा इंची यंत्र असते. पडदा भव्य, पण त्यावरची अक्षरे मुंगीएवढी. "एवढा मोठा पडदा, मग अक्षर एवढे बारीक का?" हा आजोबांचा प्रश्न भाबडा नाही.

थोडा हिशेब मांडू. १७.३ इंची पडदा सुमारे ३८३ मिलिमीटर रुंद असतो. त्यावर आडवे १९२० ठिपके असतील, तर एकेक ठिपका साधारण ०.२ मिलिमीटरचा, ३८४० असतील तर ०.१ चा. निरोगी डोळ्याला अर्ध्या मीटरवरून सुमारे ०.१५ मिलिमीटरचा भेद कळतो. म्हणजे पहिल्या पडद्याचा ठिपका नजरेच्या टप्प्यात, तर दुसऱ्याचा तिच्या पलीकडे. चाळिशी उलटलेल्या डोळ्यांचे तर बोलायलाच नको. सोळा ठिपके उंचीचे अक्षर पहिल्या पडद्यावर सव्वातीन मिलिमीटर भरते, दुसऱ्यावर त्याच्या निम्मे. ठिपके चौपट झाले. वीस लाखांवरून ब्याऐंशी लाखांवर गेले. बॅटरीवरचा भार वाढला आणि आजोबांचे वाचन थांबले.

यावर घरोघरी जो उपाय होतो, तो जुन्या सवयीचा आहे. काचेच्या नळीचे जाडजूड मॉनिटर होते तेव्हा रिझोल्यूशन ८०० बाय ६०० वर आणले की अक्षरे मोठी होत आणि चित्र फारसे बिघडत नसे. आजच्या सपाट पडद्याचे ठिपके मात्र जन्मतःच ठरलेले असतात. त्याला कमी ठिपक्यांचे चित्र दिले, तर तो ते ओढूनताणून बसवतो आणि अक्षरांच्या कडा धुरकट होतात. योग्य मार्ग वेगळा. रिझोल्यूशन पडद्याचे मूळचेच ठेवावे आणि 'स्केल' नावाचे माप १२५, १५० किंवा २०० टक्के करावे. तेच अक्षर अधिक ठिपक्यांनी रेखले जाते. मोठे होते, तरीही रेखीव राहते.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. ठिपक्यांची पुंजी एकच, पण ती दोन प्रकारे खर्चता येते: अधिक मजकूर दाखवण्यासाठी किंवा आहे तोच अधिक स्पष्ट दाखवण्यासाठी. दोन्ही एकाच वेळी पुरेपूर साधत नाहीत. ३८४० ठिपक्यांच्या पडद्यावर २०० टक्के माप ठेवले, तर मजकूर १९२० च्या पडद्याएवढाच मावतो. विक्रेता हे सांगेलच असे नाही. धानाच्या बांधीतल्या सारस जोडीची छायाचित्रे टिपणाऱ्याला पिसांचे बारकावे हवे असतात. त्याने तो पडदा जरूर घ्यावा. घरगुती लिखापढीला १९२० बाय १०८० पुरते, असे आमचे मत आहे.

देवनागरीला तर स्पष्टतेची गरज अधिकच. शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. त्यामुळे मधल्या अक्षराला जागा थोडी उरते. एक टिंब पुसले की 'वंश' चा 'वश' होतो. उकार गिचमिडला की 'सूर' आणि 'सुर' एकच. आपल्या लिपीचा हा पसारा यंत्राला पूर्वीही जड गेला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. मराठी ओव्या ज्यांच्यासाठी रचल्या, त्यांच्यातल्या देवनागरी जाणणाऱ्यालाही ते छापील पान परकेच होते. असो.

प्रश्न नीतीचा होतो तो सातबारा उघडल्यावर. आता उतारा पडद्यावर पाहता येतो. शेत वडिलांचे, यंत्र मुलाचे. बारीक अक्षरात गट क्रमांकातला १ आणि ९ सारखेच दिसतात. मुलगा वाचून दाखवतो, वडील मान हलवतात. मुलाच्या सचोटीविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ज्याची जमीन, त्याने आपल्या डोळ्यांनी वाचणे आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे यांत मोठे अंतर आहे. अक्षराचे माप ठरवणारा मनुष्य नकळत हेही ठरवतो, की घरात स्वतः वाचणारे किती आणि विसंबून राहणारे किती.

कोणी म्हणेल, पैसे ज्याने मोजले त्याच्या सोयीने यंत्र चालावे. एकट्याच्या वापरापुरते हे मान्य. त्यातही विंडोजवर प्रत्येकाचे वेगळे खाते उघडता येते आणि खात्यागणिक माप निराळे ठेवता येते. त्याला वेळ फारसा लागत नाही. खरी अडचण दोघे एकाच पडद्यासमोर बसतात तेव्हा येते. मुलाला हिशेबाच्या पन्नास ओळी एकदम हव्यात, वडिलांना दहाच नीट दिसतात. नेहमी अधू डोळ्यांनाच झुकते माप द्यावे, असे आम्ही म्हणत नाही; तसे केले तर मुलाचे काम दिवसभर रखडेल. पान ज्याच्या कामासाठी उघडले, त्याच्या डोळ्यांना सोसेल ते माप असावे. पगाराचा तक्ता असेल तर मुलाचे, सातबारा असेल तर वडिलांचे. आईला पाठवायचे पत्र असेल, तर लिहिणाऱ्याचे नव्हे, आईचे.

म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वी दुकानातच एखादा उतारा त्यावर उघडावा, माप १५० टक्के करावे आणि खुर्चीवर वडिलांना बसवावे. गट क्रमांक त्यांनी, चष्मा लावून का होईना, स्वतः वाचावा. तोवर मुलाने आकडा सांगू नये.