गळा मुलाचा, गाणे कुणाचे?

भातकापणी आटोपते, खळी रिकामी होतात आणि कर्जत-खालापूरच्या शाळांतून गाण्यांच्या स्पर्धांचे दिवस सुरू होतात. आधी केंद्र, मग तालुका आणि त्यातून तरले तर अलिबागला जिल्हा. अशा पायऱ्या चढत एखाद्या वाडीवरचा कोवळा आवाज आपल्या साऱ्या मुलखाचा प्रतिनिधी होऊन उभा राहतो. अनेकांतून एकाला पुढे पाठवताना समाज स्वतःविषयीच काही ठरवत असतो, आणि म्हणून निवडीच्या या क्षणाचे मला फार अप्रूप वाटते.

अशाच एका तालुकास्तरीय स्पर्धेत आश्रमशाळेतली एक मुलगी गायला उभी राहिली. गाणे विरहाचे होते, प्रौढ गळ्यासाठी बांधलेले. मंद्रातली ओळ आली की तिचा स्वर हवेत विरून जाई. पेटीवरच्या मास्तरांनी मायेने पट्टी चढवून दिली, तेव्हा खालचे स्वर सापडले. पण वरचा षड्ज घेताना तिच्या मानेची शीर ताठ झाली. परीक्षकांच्या कागदावर सूर, ताल, शब्दोच्चार, सादरीकरण असे रकाने होते. ज्या दुःखाची ओळख व्हायला तिला अजून कितीतरी पावसाळे लागणार होते, ते तिने का गावे, या प्रश्नाला मात्र तिथे रकाना नव्हता. आपण गळा पारखतो. त्या गळ्यात आपणच काय ठेवले, याची पारख कोण करणार?

२००८-०९ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ या बालगायकांच्या स्पर्धेने महाराष्ट्राला वेड लावले होते. आळंदीच्या कार्तिकी गायकवाडला विजेतेपद मिळाले आणि आमच्याच जिल्ह्यातली, अलिबागची मुग्धा वैशंपायन अंतिम फेरीतल्या ‘पंचरत्नां’तली सर्वांत धाकटी म्हणून घरोघरी लाडकी झाली. त्या मुलांची तयारी विलक्षण होती, त्यांच्या स्वरांनी दिलेला आनंद निखळ होता. तरीही आज आठवताना जाणवते की ती मुले मुख्यतः मोठ्यांचाच वारसा गात होती : नाट्यपदे, अभंग, भावगीते, चित्रपटगीते. त्यांच्या वयाचे, त्यांच्यासाठी नव्याने घडवलेले गाणे त्या उत्सवात अभावानेच कानी पडले.

युरोपात २००३ पासून देशोदेशीची मुले ज्युनिअर युरोव्हिजनमध्ये आपापल्या देशाचे गाणे घेऊन उतरतात. त्यासाठी प्रत्येक देश आधी आपल्या घरी निवड करतो. पण माझे मन अधिक रमते ते इटलीत १९५९ साली सुरू झालेल्या ‘झेक्किनो द’ओरो’ या महोत्सवात. तिथे मुले गातात, पण स्पर्धा असते गाण्यांची; पारितोषिक रचनेला मिळते, आणि कौल देणारेही बालपरीक्षक असतात. हार-जितीचा भार मुलाच्या खांद्यावरून उतरवून तो कवी-संगीतकारांच्या खांद्यावर ठेवण्यात केवढी सभ्यता आहे! मोठ्यांनी मुलांसमोर परीक्षेला बसावे, हा संकेतच मला एखाद्या संस्कृतीच्या प्रौढत्वाची खूण वाटतो.

आपल्याकडे ही प्रतिभा नव्हती असे कसे म्हणावे? १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातले ‘नाच रे मोरा’ गदिमांनी लिहिले, पु. ल. देशपांडे यांनी स्वरबद्ध केले, आशा भोसले यांनी गायले. तिघेही कर्ते कलावंत. पण त्या वेळी त्यांनी आपले सारे कसब बालमनाच्या सेवेला लावले, म्हणून पिढ्या उलटल्या तरी ते गाणे शिळे झाले नाही. मुलांसाठी रचणे म्हणजे कलेने खालच्या पायरीवर उतरणे, असे मानणाऱ्यांना साधेपणाची साधना किती कठीण असते हे उमगलेलेच नसते.

आमच्याच मुलखातल्या, राजमाचीच्या कुशीतल्या कोंडाणे लेण्यांच्या दर्शनी भागावर नृत्यमग्न जोड्या कोरलेल्या आहेत, आणि तिथल्या ब्राह्मी लेखात कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केल्याची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शिल्पकाराने स्वतःच्या नावाआधी गुरूचे नाव घातले. कला अशीच एका हातातून दुसऱ्या हाती जाते. मूल गाते तेव्हा त्याच्या स्वरातून आपणही ऐकू येत असतो, म्हणून त्याच्या यशाइतकेच त्याच्या गाण्याचे उत्तरदायित्वही आपले.

तेव्हा या मुलखातल्या शिक्षकांना, कवींना आणि पेटी-तबला हाती असणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे : यंदाच्या स्पर्धांसाठी एक तरी नवे गाणे रचा, ज्यात उल्हास नदी असेल, ठाकरवाडीतला ढोल असेल, घाट चढणारी गाडी असेल. ते आधी मुलांना ऐकवा, आणि त्यांना आवडले तरच पुढे पाठवा.