अप्रूपाचे झाड

पाईन, म्हणजे चीड, लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या मातीत आपणहून उगवत नाही. हा हिमालयाच्या उतारांवरचा वृक्ष. त्याचा एक भाऊबंद ईशान्येत खासी टेकड्यांवर आहे, पण दख्खनच्या पठारावर पाईनची एकही मूळची जात नाही. दक्षिणेत उटी-कोडाईकॅनालला दिसणारे पाईन माणसाने लावलेले आहेत. मांजरा खोऱ्यातली काळी माती चुनखडीची, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. पाईनला निचऱ्याची, किंचित आम्लधर्मी जमीन आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी लागते. त्यामुळे लातूर, उदगीर, देवणी या भागात बंगल्याच्या अंगणात थराथरांच्या फांद्यांचे जे सरळसोट झाड ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून लावलेले असते, ते बहुधा अरोकेरिया असते. त्याचे मूळ घर पॅसिफिक महासागरातली बेटे. सूचिपर्णी म्हणून ते पाईनचे दूरचे नातलग लागते, एवढेच.

अशा झाडापाशी पाहणारा थांबतो. बाभळी, कडुनिंब आणि चिंचेच्या पसरट, वेड्यावाकड्या आकारांना सरावलेल्या नजरेला ती काटेकोर उभी रेषा चकित करते. इथे सौंदर्यविचारातला एक जुना प्रश्न उभा राहतो: हे सौंदर्य झाडाचे, की ते इथे क्वचित दिसते म्हणून वाटणारे?

ते केवळ अप्रूपाचे असावे, असे मानायला कारण आहे. उत्तराखंडात चिडाचे कौतुक पर्यटकाला वाटते. गावकऱ्याला त्याच्या वाळक्या सुयांचा जमिनीवर साचणारा थर आणि उन्हाळ्यात त्यातून पसरणारे वणवे दिसतात. जिथे झाड उदंड, तिथे त्याचे सौंदर्य नजरेआड जाते. मराठवाड्यात उलटी स्थिती आहे. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्क्याहूनही कमी, आणि 2016च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात कोणतेही सदाहरित झाड डोळ्यांत भरणारच.

पण हे कारण पुरे पडत नाही. देवणी हे नाव दूरवर पोचले ते तिथल्या गोवंशामुळे. वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे त्याचे तीन प्रकार काळ्या-पांढऱ्या रंगाच्या मांडणीवरून ओळखतात. परक्याला सगळी जनावरे सारखीच देखणी वाटतात. पिढ्यान्‌पिढ्या ती पाळणारा शेतकरी मात्र शिंगांचा बाक, चेहऱ्यावरचा काळा रंग, चालीतला डौल यांवरून एकेका बैलाचे रूप वेगळे सांगतो. इथे सवयीने नजर बोथट झालेली नाही, उलट तिला धार आली आहे. सौंदर्य दुर्मीळतेतून जन्मत असते, तर देवणीचा बैल देवणीतच सर्वांत कमी सुंदर ठरला असता.

संस्कृत कवी माघाने ‘शिशुपालवध’ काव्याच्या चौथ्या सर्गात हाच विचार रैवतक पर्वताच्या निमित्ताने मांडला आहे. कृष्णाने तो पर्वत अनेकदा पाहिलेला, तरी या वेळी तो पूर्वी कधी न पाहिल्यासारखा त्याला विस्मयात टाकतो. आणि क्षणोक्षणी नवे होणे हेच रमणीयतेचे रूप, असे कवी म्हणतो. म्हणजे वस्तू नवी असण्याची गरज नाही. दर्शन नवे हवे.

धार्मिक परंपरेचा कौलही याच बाजूला आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात विभूती सांगताना भगवंत सर्व वृक्षांमध्ये अश्वत्थ आपण असल्याचे सांगतात. ज्ञानेश्वर त्यावर निरूपण करताना आधी पारिजात आणि चंदन यांचे नाव घेतात, आणि तरीही निवड अश्वत्थाचीच ठेवतात. स्वर्गातले झाड आणि मोलाचे झाड बाजूला राहते. मान मिळतो तो पारावरच्या, भिंतीच्या फटीतही रुजणाऱ्या पिंपळाला. ही निवड फार मोलाची आहे. दिव्यत्व शोधायला दूर जावे लागत नाही, असे ती सांगते.

मात्र रोज दिसणारे झाड रोज नव्याने दिसत नाही, याचेही भान परंपरेला होते असे म्हणता येते. श्रावणातल्या शनिवारी पिंपळाची पूजा, ज्येष्ठात वटपौर्णिमा, सोमवती अमावास्येच्या प्रदक्षिणा. झाड तेच, दिवस मात्र क्वचितचा. वर्षभर ज्याच्या सावलीत गप्पा झाल्या, त्याच्याकडे त्या दिवशी हात जोडून पाहिले जाते. पाईनच्या बाबतीत जे काम अंतर करते, ते इथे पंचांग करते.

मग अंगणातल्या सूचिपर्णीच्या वाट्याला काय उरते? तिच्याभोवती इथे व्रत नाही, कहाणी नाही, मुंजाही नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1790च्या आपल्या ग्रंथात मुक्त सौंदर्य आणि आश्रित सौंदर्य असा भेद केला: पहिल्याला वस्तू काय आहे, कशासाठी आहे याची कल्पना लागत नाही, दुसऱ्याला लागते. देवणीत पिंपळाचे सौंदर्य बरेचसे आश्रित आहे, पूजेत आणि आठवणीत गुंतलेले. अरोकेरिया मात्र केवळ आकारावर उभी असते, आणि तिला पाईन समजल्याने पाहणाऱ्याच्या आनंदात काही उणे होत नाही. हिमालयात चित्र पुन्हा बदलते. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त शिवाने देवदाराला पुत्र मानलेले आहे, पार्वतीने त्याला पाणी घालून वाढवलेले आहे. तिथे सूचिपर्णी वृक्षालाही घर आणि आईबाप आहेत.