कुलूप कुणाला कळावे?

पेण-रोह्याकडच्या गावांत बंद घरे पुष्कळ. माणसे पोटासाठी मुंबई-ठाण्याला, गावी येणे गणपतीत आणि शिमग्याला. एरवी राखण दारावरच्या कुलपाची. त्याच्यावर भरवसा मोठा, पण ते आतून कसे चालते हे मालकाला बहुधा ठाऊक नसते. स्वतःचेच साधे कुलूप किल्लीवाचून उघडायला शिकणे हा जगात अनेकांचा छंद आहे. आपल्याकडे मात्र त्याचे नाव काढले की चोरीच आठवते. खरे तर ही माहिती चोरापेक्षा घरमालकाच्या जास्त उपयोगाची आहे. साध्या पितळी कुलपात स्प्रिंगखाली पिनांच्या चार-पाच जोड्या असतात. योग्य किल्ली प्रत्येक जोडीचा सांधा एका रेषेत आणते आणि आतला गाभा फिरतो. पण पिनांसाठी पाडलेली छिद्रे कधीच अगदी सरळ ओळीत नसतात. म्हणून गाभ्याला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, एकच आधी अडकते. ती तारेने उचलून बसवली की पुढची. विद्या एवढीच, बाकी बोटांचा संयम. हे एकदा कळले की माणूस दुकानात कुलपाच्या वजनाला आणि चकाकीला भुलत नाही. किल्लीचे दात जवळपास एकाच उंचीचे दिसले तर ते कुलूप परत ठेवतो.

अशाने चोरांना शिकवणी मिळेल, हा आक्षेप जुना आहे. 1851 च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकनाने चब आणि ब्रामा यांची अभेद्य समजली जाणारी कुलपे उघडून दाखवली. ब्रामाच्या कुलपावर तर 200 गिनींचे बक्षीस होते. तेव्हाही ओरड झाली. हॉब्जचे उत्तर असे, की चोर आपल्या धंद्यात आधीच तरबेज असतात. अंधारात राहतो तो गिऱ्हाईक. आपल्याकडच्या घरफोडीच्या बातम्या वाचा, त्यांत कडीकोयंडा उचकटलेला असतो. कटावणीने दोन मिनिटांत होणाऱ्या कामासाठी पिना चाचपत कोण बसेल? आणि झाकून ठेवल्याने सुरक्षितता वाढते म्हणावे, तर पेणकरांनी 2010 आठवावे: पेण अर्बन बँकेतला पैसा गेला तो बोगस कर्जखात्यांतून. तिजोरीचे कुलूप फोडावे लागले नाही. ठेवीदारांना आतले दिसत नव्हते, तेवढे पुरले.

कायद्याचा आक्षेप अधिक वजनदार आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 122 नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात कायदेशीर सबबीशिवाय घरफोडीचे साधन जवळ सापडणे हा गुन्हा आहे. तेव्हा ताराबिरा घरातच ठेवाव्यात. खिशात घालून रात्री एसटी स्टँडवर हिंडण्यात शहाणपण नाही. छंदाचा नियमही कडकच: कुलूप स्वतःचे हवे आणि रोजच्या वापरातले नको. कोकणात यातला 'स्वतःचे' हा भागच अवघड. घरपट्टीच्या उताऱ्यावर चार भावांची नावे असतात आणि माजघराला चुलत्याने लावलेले कुलूप असते. आपला हिस्सा आहे म्हणून ते तारेने उघडणाऱ्याने छंदाचे नाव सांगू नये. ते भांडण दिवाणी न्यायालयाचे आहे.