दिवटी आणि विजेचे वस्त्र

पावसाळ्यात बोरी नदी दुथडी भरून वाहू लागली, म्हणजे तुळजापूर तालुक्यातील नळदुर्गच्या किल्ल्यात, नदीच्या पात्रात आडव्या घातलेल्या धरणाच्या भिंतीवरून, आसपासचे लोक ज्यांना 'नर' आणि 'मादी' म्हणतात ते दोन धबधबे कोसळू लागतात. आणि त्याच भिंतीच्या पोटात बांधलेल्या पाणीमहालात उभ्या राहिलेल्या माणसाला समोर पाण्याचा पडदा दिसतो, कानांत त्याचा घोष भरून राहतो, दगडाचा गारवा तळव्यांना जाणवतो, पण अंगावर थेंब म्हणून पडत नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अंमलात, १६१३ साली, मीर इमादीन या स्थापत्यविशारदाने हे काम सिद्धीस नेले. भिंतीचे मूळ प्रयोजन अगदी व्यवहारी होते: पाणी अडवावे, किल्ल्याची बेगमी व्हावी, बंदोबस्त पक्का व्हावा. परंतु ज्या गणिताने पाणी अडवले त्याच गणिताने ते दृश्य केले आणि नादमयही केले. ही वास्तू जलशास्त्रात घालावी, शिल्पात घालावी की संगीतात, असा प्रश्न तेथे उभे असताना मनात येतो, आणि कलांचे जे रकाने आपण शाळेपासून आखून ठेवले आहेत ते त्या कोसळत्या पाण्यापुढे अपुरे वाटू लागतात.

आजच्या काळात संगणक, वेशभूषा, संगीत आणि चित्र यांची सरमिसळ करणारे कलावंत जगभर काम करीत आहेत आणि त्यांच्याविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. हे सर्व अपूर्व आहे, असे एक पक्ष म्हणतो. ही कला नव्हे, केवळ यंत्रांचा देखावा आहे, असे दुसरा म्हणतो. धाराशिव जिल्ह्याच्या भूमीवर जो डोळे उघडे ठेवून हिंडला आहे, त्याला या दोन्ही पक्षांशी सहमत होता येणार नाही, असे माझे नम्र मत आहे.

अपूर्वतेचा दावा प्रथम पाहू. तेरणेच्या काठचे तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगराचा उल्लेख असून, येथून जाडेभरडे कापड, मलमल आणि रंगीत वस्त्रे गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असत, अशी नोंद आहे. त्याच तगरातील कारागीर पांढऱ्या मातीच्या पोकळ मूर्ती दोन अर्ध्या साच्यांत काढून जोडीत, आणि त्या मूर्तींच्या केशरचनेत व अलंकारांत त्या काळच्या नगरस्त्रियांचा शृंगार आजही स्पष्ट वाचता येतो. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयाशी निगडित असलेली येथील हस्तिदंती स्त्रीमूर्ती, १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी इतके साम्य दाखवते, की या मुलखातील वेशभूषेची आणि शिल्पाची कीर्ती समुद्रापार पोहोचली होती याविषयी शंका राहत नाही. एकाच ठशातून अनेक प्रती काढणारा तो साचा त्या काळचे प्रगत तंत्रच होता. तंत्र, वस्त्र आणि मूर्ती यांचा संसार तेथे एकाच घरात मांडलेला होता.

वस्त्र आणि यंत्र यांचे नाते तर याहूनही निकटचे आहे. फ्रान्समध्ये जॅकार्डने १८०४ च्या सुमारास मागावर नक्षी उमटवण्यासाठी भोके पाडलेल्या पत्त्यांची योजना केली, आणि हीच कल्पना पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी उचलली. ज्या संगणकाला आपण कलेच्या घरातील उपरा पाहुणा समजतो, त्याच्या पूर्वजांत विणकराचा माग आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे यंत्राने कला भ्रष्ट होते असे मानणाऱ्यांकडे वळू. त्यांना मी तुळजापूरच्या गोंधळाची आठवण करून देईन. गोंधळ्यांत रेणुराई आणि कदमराई अशा दोन शाखा मानतात. पहिलीचे दैवत माहूरची रेणुका, दुसरीचे तुळजापूरची भवानी. लग्नकार्यानंतर घरी गोंधळ घालायचा ठरला, की चौक मांडला जातो, धान्यावर कलश बसतो, दिवटी पेटते. घोळदार झगा आणि कवड्यांच्या माळा घातलेला नाईक उभा राहतो, साथीदार संबळ वाजवतात आणि तुणतुणे छेडतात, साऱ्या देवदेवतांना गोंधळाला येण्याचे आवाहन होते आणि मग आख्यान रात्र सरेपर्यंत चालते. यात गाणे आहे, वाद्य आहे, वेश आहे, नृत्य आहे, तांदळाने रेखलेले चित्र आहे, संवाद आहे आणि प्रकाशयोजना आहे. पण या सात गोष्टींची ती बेरीज नव्हे. दिवटी विझवून विजेचा दिवा लावला तर उजेड वाढेल, परंतु गोंधळ उणा होईल. कारण दिवटी ही तेथे उजेडाचे साधन असतानाच देवीची उपस्थितीही असते. कवड्यांची माळ काढून ठेवली तर नाईक तितकाच सुरेल गाईल, पण ज्या अधिकाराने तो देवीला हाक मारतो त्या अधिकाराची सनदच त्याच्या गळ्यातून उतरलेली असेल.

मिश्रकलेची पारख करण्याची कसोटी मला येथेच सापडते. अनेक माध्यमे एकत्र आली की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्यांतील एक काढून घेतले असता बाकीच्यांचा अर्थ कोसळतो की नाही, हा खरा प्रश्न आहे. जेथे कोसळतो तेथे संयोग अपरिहार्य आहे, आणि अपरिहार्यता हेच कलेचे लक्षण आहे. जेथे कोसळत नाही तेथे एक घटक कला असतो आणि दुसरा केवळ सजावट.

ही कसोटी आधुनिकांना लावून पाहावी. जपानच्या आत्सुको तानाका या चित्रकर्तीने १९५६ साली रंगीत विजेचे दिवे आणि तारा यांचे एक वस्त्र तयार केले आणि ते स्वतः परिधान केले. ते वस्त्र जड होते, तापत होते, विजेचा धक्का बसण्याची भीती त्यात होती. ओसाका स्थानकावरील जाहिरातींच्या झगमगाटातून तिला ही कल्पना स्फुरली होती. महायुद्धानंतरच्या त्या यंत्रनगरात माणसाच्या देहाचे काय होत आहे, हे तिने चित्र काढून सांगितले नाही. आपल्या देहावर धारण करून दाखवले. त्यातील वीज काढून घ्या, उरेल ते तारांचे ओझे. देह काढून घ्या, उरेल ती दुकानाची रोषणाई. दिवटी हातात घेऊन नाचणारा आपला गोंधळी आणि ही जपानी चित्रकर्ती यांच्यात भाषेचे, धर्माचे आणि काळाचे अंतर आहे, पण अग्नी अंगाशी घेऊन बोलण्याची दोघांची रीत मला सजातीय वाटते.

आपल्याच राज्यात, मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या दोन कलावतींची उदाहरणे अशीच चिंतनीय आहेत. नलिनी मलानी यांनी २०१२ मध्ये जर्मनीतील कासेलच्या प्रदर्शनात पारदर्शक, फिरत्या नळकांड्यांवर आतून चित्रे रंगवली आणि त्यांवर चलच्चित्रांचे झोत सोडून, भिंतींवर एकमेकींत मिसळणाऱ्या सावल्यांचा आणि आवाजांचा एक सलग अनुभव उभा केला. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथीत दिव्याच्या उजेडात, वाद्यांच्या साथीने एकामागून एक चित्र पुढे सरकते आणि कथा चालते. मलानींच्या नळकांड्यांत मला त्याच परंपरेचे दूरचे आप्त दिसतात. शिल्पा गुप्ता यांनी तर शब्दांसाठी तुरुंगवास भोगलेल्या शंभर कवींच्या ओळींचे कागद शंभर अणकुचीदार सळयांवर खोचले आणि वर शंभर ध्वनिग्राहक टांगले. पण त्या ध्वनिग्राहकांचे कार्य उलटे करून त्यांतून आवाज ऐकवला. जे यंत्र ऐकण्यासाठी बनवले ते बोलू लागते, आणि ज्यांना बोलू दिले नाही त्यांचे शब्द त्यातून येतात. येथे यंत्राची उलटापालट हाच आशय आहे.

याउलट, आजच्या कित्येक समारंभांत गायकाच्या मागे प्रचंड पडद्यावर आकृत्या नाचतात, धूर सोडला जातो, पोशाखात दिवे लुकलुकतात. पडदा बंद केला तरी गाणे जसेच्या तसे राहते. अशा ठिकाणी यंत्राला दोष देण्याचे कारण नाही. योजकाने त्याच्याकडून कामच घेतलेले नाही, एवढेच म्हणता येईल. हार्मोनियम विलायतेतून आली तेव्हा ती परकीच होती. मराठी संगीत रंगभूमीने तिच्याकडून काम घेतले, आणि आज ती भजनी मंडळाच्या ओसरीवर घरची म्हणून बसलेली आहे.

ज्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत पाणीमहाल उभा राहिला, तो स्वतः तंबूर वाजवीत असे. आपल्या लाडक्या तंबुराला त्याने 'मोतीखान' असे नाव दिले होते. 'किताब-ए-नवरस' ही दक्खनी गीते त्याने रागांनुसार रचली आणि त्यांत सरस्वतीला वंदन केले. रुद्राक्षांची माळ घातलेली त्याची चित्रे प्रसिद्ध आहेत. त्याच्या ठायी नाद, चित्र, वेश आणि स्थापत्य ही वेगवेगळी खाती नव्हती. पण राजाच्या खजिन्याशिवाय हे साधत नाही असेही नाही. त्याच तुळजापूर तालुक्यात देवीच्या दारी संबळ वाजवणारा, जोगव्यावर उदरनिर्वाह करणारा गोंधळी तेच करीत आला आहे, आणि आपण राजाला इतिहासात जागा दिली, गोंधळ्याला मात्र लग्नाच्या खर्चाच्या यादीत ठेवले.

म्हणून धाराशिव, कळंब, उमरगा येथील शाळा-महाविद्यालयांत संगणकावर चित्र आणि संगीत घडवू पाहणाऱ्या तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे: नवे यंत्र अवश्य हाती घ्या, जगभरचे कलावंत काय करतात ते अवश्य पाहा, पण त्याआधी एकदा तेरच्या संग्रहालयात मातीच्या मूर्तींसमोर तासभर थांबा, भर पावसाळ्यात नळदुर्गच्या पाणीमहालात उभे राहा, आणि एखादा गोंधळ आवाहनापासून आरतीपर्यंत, मध्येच न उठता, ऐका. त्या नाईकाला गुरू माना, आणि तुमच्या कामात तो सहभागी झाला तर त्याचे नाव तुमच्या नावाच्या बरोबरीने लिहा.