बुरसलेल्या भाकरीचे पुण्य

श्रावणातील दमट हवेत माजलगावासारख्या सिंदफणाकाठच्या गावी उरलेल्या भाकरीवर पाहता पाहता हिरवट बुरशी चढते. अन्न उकिरड्यावर टाकणे हे पाप, अशी आमची शिकवण. म्हणून ती भाकरी दारच्या कुत्र्यापुढे टाकून आम्ही निश्चिंत होतो. पण हे दान होय काय?

कुत्र्याला सारे पचते, असे कोणी म्हणेल. तो भ्रम होय. 1974 साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील आदिवासी गावांत बुरसलेला मका खाऊन कावीळ व जलोदर यांची साथ उद्भवली. 100 हून अधिक माणसे दगावली. त्यांच्याच घरचे अन्न खाणारी कुत्रीही त्याच रोगाने मेली. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन नामक विष यकृत नासविते. शिजविल्याने ते पुरते जात नाही, वा बुरशी खरवडल्याने अन्न निर्दोष ठरत नाही. मात्र तेथे धनी आणि कुत्रा निरुपायाने एकच अन्न खात होते. आम्ही स्वतः जे खाणार नाही, तेच जाणूनबुजून त्याला देतो.

कोरडी भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तूप घेऊन धावले, अशी कथा आम्ही मुलांना सांगतो. तूप राहो, शिळी पण चांगली भाकरी देण्यातही कमीपणा नाही. परंतु विषारी घास देऊन आम्ही कुत्र्याची भूक नव्हे, तर स्वतःच्या मनाची टोचणी शमवितो. ती भाकरी मातीत पुरावी, आणि उद्यापासून पीठ मोजून मळावे. अन्न नासविल्याचे पाप मुक्या प्राण्याच्या पोटात लपविल्याने त्याचे पुण्य होत नाही.